बारा मिलिमीटरची चूक

जळगावात इंटिरिअरची कामं करता करता केस पांढरे झाले. सगळ्यांत महागडं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी धुळ्याच्या एका कापड दुकानातलं पार्टिशन सांगतो. महागडं शेठला नव्हे, मला.

तेव्हा माझ्या डोक्यात ओरिगामी शिरली होती. जपानी शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांची घडी म्हणजे समांतरभुज चौकोनांची नागमोडी जाळी. एक कोपरा ओढला की सगळी उघडते, ढकलला की मिटते. 1995 साली ‘स्पेस फ्लायर युनिट’ या जपानी उपग्रहावरचं सौर पॅनेल याच घडीनं उलगडलं. अंतराळात चालतं ते धुळ्यात का चालणार नाही? कार्डशीटचं मॉडेल करून गल्ल्यावरच उघडमीट करून दाखवलं. लग्नसराईत पार्टिशन मिटवायचं, एरवी उघडं ठेवायचं. शेठ खूश, ॲडव्हान्स हातात.

माझ्या सुतार मिस्त्रींनी मॉडेल उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, “भाऊ, कागदले जाडी नही ऱ्हास. प्लायले शे.” मी हसलो. वास्तविक हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

साध्या घडीच्या पार्टिशनला बिजागरी एकदा पुढून, एकदा मागून मारतात, म्हणून फळ्या एकमेकींना टेकतात. मिउरा घडीत प्रत्येक सांध्यावर चार घड्या भेटतात. तीन एका बाजूला, चौथी उलट. 12 मिलिमीटर प्लायमध्ये या बिजागऱ्या पुढे-मागे गेल्या की त्यांच्या रेषा एका बिंदूत येतच नाहीत. पार्टिशन अर्धवट मिटलं आणि अडलं. तिथं थांबायला हवं होतं. मी पोरांना जोर लावायला सांगितलं. प्लायच्या कडेतून स्क्रू उपटून आले, सनमायक्याचे टवके उडाले. त्यात ही घडी आडवी मिटताना उभीही आखडते. खालची कड जमीन सोडून वर गेली.

मग ते तसंच भिंतीला ठोकलं आणि शेठला ‘डेकोरेटिव्ह पॅनेल’ म्हणून सांगितलं. खानदेशातल्या उन्हाळ्याचा मी विचारच केला नव्हता. वर तोंड केलेल्या एकाआड एक ओळीत फुफाटा साचला. साड्यांच्या दुकानात धूळ म्हणजे नुकसानच. शेठनी पॅनेल काढायला लावलं. मी पैसे परत केले. प्लाय, बिजागऱ्या, मजुरी सगळं अंगावर आलं. शेठ भांडले नाहीत. त्यांच्या भावाच्या नव्या दुकानाचं काम मात्र दुसऱ्याला गेलं.

इलाज नंतर मिस्त्रींनीच काढला. बिजागरीऐवजी फळ्यांना एका अंगानं जाड कॅनव्हास चिकटवायचा आणि तो बाहेरून वळतो त्या घडीत दोन्ही फळ्यांची जाडी मावेल एवढी, म्हणजे निदान 24 मिलिमीटर फट सोडायची.

आता मी कार्डशीटचं मॉडेल ग्राहकाला दाखवत नाही. ज्या जाडीचा प्लाय लागणार, त्याच्याच तुकड्यांचा एक सांधा आधी करून बघतो. तो मिटला तर पुढचं बोलणं. नाही मिटला तर साधा चुण्यांचा पडदा सुचवतो, आणि फीसुद्धा पडद्याचीच घेतो.