गालबोट

गालबोट हा शब्द गेले काही दिवस डोक्यातून जात नाही. बाळाला न्हाऊमाखू घातलं, पावडर लावली, की आई काजळाचं बोट गालावर टेकवायची. दृष्ट लागू नये म्हणून. त्या ठिपक्याशिवाय बाळ सजलं असं कुणी म्हणत नसे. आणि भरल्या समारंभात भांडण झालं, तर त्यालाही आपण 'गालबोट लागलं' म्हणतो. राखण करणारा डाग भाषेत नुकसान कधी झाला?

माझ्याकडे १९७१चा, स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे. आईच्या मांडीवर मी. निगेटिव्हमध्ये काळा तीळ पांढरा दिसतो. त्यावर टोकदार पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोतून तो जातो. आईच्या हनुवटीवरचा तीळ फोटोग्राफरनं असाच घालवला. माझ्या गालावरची तीट मात्र ठेवली. एकाच फोटोत त्यानं एक डाग जपला, दुसरा पुसला. आईनं सांगितलं होतं, की तीट पुसू नये हे त्यालाही ठाऊक होतं? विचारायला आता दोघंही नाहीत.

तोच तीळ, त्याच जागी, माझ्या भाचीला आहे. फोनच्या फिल्टरमध्ये तो नसतो. परवा केस मागे सारताना तिचा हात चेहऱ्यासमोरून गेला, फिल्टर क्षणभर सुटला, तीळ दिसला आणि पुन्हा नाहीसा झाला. तिनं लगेच फोन पालथा ठेवला.

"मावशी, माझं नाक किती फेंदारलेलं आहे गं!"

बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली गणितानं दाखवलंय. तिला ते समजावलं. ती म्हणाली, "पण मला सगळे तिथूनच बघतात ना?"

मला उत्तर सुचलं नाही. पोरीला दुसऱ्या कुणाची दृष्ट लागली असती तर मीठ-मोहऱ्या उतरवल्या असत्या. ही तिची तिलाच लागली आहे.

तो तीळ आजीचा आहे, हे तिला माहीत नाही. आजीला तिनं त्या एकाच फोटोत पाहिलंय. सांगावं, तर तिला बरं वाटेल की फोटोकडे बोट दाखवून ती म्हणेल, आजीनंही पुसलाच होता? तुमच्या घरात अशी पोर असेल आणि तुम्ही तिच्याशी काही बोलला असाल, तर मला जरूर कळवा.