पाण्यावरची माशी

आमच्या घराण्यांत कोणीं माशाला हात लावल्याचें मला ठाऊक नाहीं; असें असतां बहात्तराव्या वर्षीं मीं या विषयावर लेखणी उचलावी, याचें वाचकांस नवल वाटेल. कारण माझा अकरा वर्षांचा नातू.

गेल्या जूनमध्यें शिकागोजवळ मुलाकडे राहावयास गेलों होतों. घरामागें एक तळें आहे. त्यांत ब्लूगिल नांवाचा तळहाताएवढा मासा असतो. या दिवसांत त्यांतील नर उथळ पाण्यांत शेपटीनें वाळू सारून वाटोळें घरटें करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. तेथें नातू गळ टाकीत नसे. “बाप उचलला तर दुसरे मासे अंडीं खातात, आजोबा.”

बारीक आकड्याभोंवतीं कोंबड्याचीं पिसें गुंडाळून हे लोक माशी बनवितात. ती पृष्ठभागावर तरंगली पाहिजे. म्हणून तिला सिलिकोनचा लेप देतात. मीं जन्मभर शाळेंत रसायनशास्त्र शिकविलें, पृष्ठताण फळ्यावर कितीदां काढला असेल! तरी भिजलेल्या माशीवर मीं बोटभर लेप फासला, आणि ती बुडाली. लेप कोरड्या माशीवर, तोहि थेंबभर, लावावयाचा; ओलीवर लावला तर पाणी आंतच कोंडतें. एकदां मासा लागला कीं माशी धुवून, टिपून, पाणी शोषणाऱ्या पांढऱ्या भुकटींत घोळावयाची. बदकाच्या तेलग्रंथीजवळच्या पिसांची माशी केली, तर तिला मात्र हा लेप चालत नाहीं. पिसें चिकटून बसतात. बदकानें आपली सोय आधींच केलेली!

संध्याकाळीं ‘चुबक’ असा आवाज झाला. नातवानें आधीं हात ओले केले. कोरड्या हातांनीं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणे. आकड्याला उलटा कांटा नव्हता. मासा सुटला आणि गेला.

“खावयाचा नाहीं, तर टोंचावयाचा कशाला?” मीं विचारलें. तो गप्प राहिला.

मुलगा मागें उभा होता. तो याच वयाचा असतांना वाईस कृष्णेच्या घाटावर वांकविलेल्या टांचणीनें मासा धरतांना मला सांपडला, आणि मीं त्याला सर्वांदेखत छडीनें मारलें होतें. त्यानें ती गोष्ट कधीं काढली नाहीं. त्या दिवशींहि नाहीं. काठी माझ्या हातीं देऊन तो एवढेंच म्हणाला, “बाबा, दोरी मागें पुरती सरळ होऊं द्या, मग पुढें फेंका. वजन दोरींत आहे, माशींत नाहीं.”

पहिली फेंक झुडपांत गेली. दुसरी पाण्यावर टेकली आणि तरंगत राहिली. आम्ही तिघेहि तिच्याकडे पाहत उभे राहिलों. मासा लागूं नये, असें मला वाटत होतें. तें मीं कोणास सांगितलें नाहीं.