चौबगला

घरात लग्न असलं की खाला हमखास विचारतात, "तू पुण्यात नेमकं काय करतेस गं? कार्टून काढतेस?" मी कार्टून काढत नाही. पात्राला रूप दुसरे देतात, हालचाल तिसरेच देतात. मी मधलं काम करते, पात्राच्या आत हाडं बसवते. या कामाला रिगिंग म्हणतात.

संगणकावर तयार झालेलं पात्र म्हणजे आधी नुसतं पोकळ कातडं, हजारो बिंदूंचं जाळं. त्यात सांगाडा बसवायचा आणि प्रत्येक बिंदूला सांगायचं की कोणत्या हाडाचं किती ऐकायचं. कोपराजवळचा बिंदू निम्मं दंडाचं ऐकतो, निम्मं पुढच्या हाताचं. दोन हाडं त्याला दोन जागा सांगतात आणि संगणक त्यांची सरासरी काढतो. ही सरासरी आतल्या बाजूला पडते. म्हणून वाकवलेलं कोपर चेपतं आणि फिरवलेलं मनगट चॉकलेटच्या कागदासारखं पिळवटतं. 2007 साली लादिस्लाव कावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ड्युअल क्वाटर्नियन'ची पद्धत मांडली. तिने पिळवटणं थांबतं, पण वाकलेला सांधा थोडा फुगतो. एक दुखणं गेलं की दुसरं येतं.

सगळ्यात अवघड खांदा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे फळीवरचा डबा काढणारा एक म्हातारा होता. हात वर गेला की त्याची बगल आत खचायची. ईदला मिरजेला गेले, तेव्हा लॅपटॉपही सोबत नेला.

माझे अब्बा चाळीस वर्षं कुर्ते शिवत आले आहेत. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, याचा चौबगला राहिला." सरळ कापाच्या कुर्त्याला बगलेत चौकोनी तुकडा लावतात, तो चौबगला. हात खाली असताना तो दिसत नाही. हात वर केला की उघडतो, म्हणून कुर्ता ओढला जात नाही. "हात खाली असताना कुणाचाही कुर्ता बरा दिसतो," अब्बा म्हणाले. "आणि हात एकटा वर जात नाही. पाठीवरचं पसरट हाडही फिरतं. हात लावून बघ."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी उजवा हात उचलला. हात खांद्याच्या उंचीपर्यंतही गेला नाही. खांदा मात्र सगळाच्या सगळा कानाकडे चढला.

निरोगी माणूस हात पूर्ण वर नेतो तेव्हा 180 अंशांपैकी साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यातून येतात आणि 60 त्या पसरट हाडातून. हा हिशेब मी रोज मांडते. माझ्या हाताखाली तो उलटा चालला होता.

"अब्बा, हे कधीपासून?"

ते गप्प. अम्मी आतून म्हणाली, "चार महिने झाले. तकबीरला हात कानापर्यंत जात नाही. तुला सांगू नको म्हणाले."

माझ्या कोर्सच्या फीचं कर्ज अजून फिटायचं होतं आणि लग्नसराईची शिलाई हातात होती. त्या खांद्याने ते कापड कापत राहिले होते. मी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करत होते. मला फक्त चेहरा दिसत होता, आणि चेहरा हसत होता.

डॉक्टरांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडतं. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं आणि अब्बांना साखर आहे. व्यायाम सुरू झाला. बोटांनी भिंतीवर चालत चालत हात वर न्यायचा. जिथे थांबेल तिथे अम्मी पेन्सिलने खूण करायची.

पुण्याला परतल्यावर मी म्हाताऱ्याचं काम नव्याने केलं. हाताबरोबर पाठीचं हाड फिरेल अशी जोडणी केली. मग हात वर असतानाची बगल वेगळी घडवली. हात जसजसा वर जाईल तसतसा तो आकार येतो, हात खाली आला की जातो. 2000 साली जे. पी. लुईस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडलेली ही रीत. आमच्या घरात तिचं नाव चौबगलाच आहे.

अब्बांना दाखवलं. म्हणाले, "आता बसलं. पण म्हातारा इतका झटक्यात हात वर करेल?" ते मी हालचाल देणाऱ्याला सांगितलं. त्याने वेग कमी केला.

गेल्या ईदला भिंतीवरची शेवटची खूण अब्बांच्या कानाच्या वर होती. अल्हमदुलिल्लाह.

तुमचे आईवडील गावी असतील तर फोनवर नुसती तब्येत विचारू नका, "बरी आहे" एवढंच उत्तर मिळतं. फोन जरा लांब ठेवायला सांगा आणि म्हणा, दोन्ही हात वर करून दाखवा.