जुन्नरची दोन दिवसांची सहल : दान देणाऱ्या कारागिरांच्या गावी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो, पोरांना न्यायचे कुठे? चौपाटी झाली, राणीची बाग झाली. पाण्याच्या खेळांच्या बागेत जावे तर चौघांच्या तिकिटातच किराण्याचे पैसे संपतात. अशा वेळी आम्ही वाचक बंधु-भगिनींना एक गाव सुचवतो. ते गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातील जुन्नर.

परदेशात जुनी गावे पुन्हा जशीच्या तशी उभी करतात. जुन्या काळचे कपडे घातलेली माणसे तेथे लोहारकाम, सुतारकाम करून दाखवतात आणि लोक तिकीट काढून हा 'जिवंत इतिहास' पाहतात. अमेरिकेतले विल्यम्सबर्ग हे त्यापैकी एक प्रसिद्ध गाव. जुन्नरला असा देखावा उभारावा लागत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी येथे बाजार होता आणि आजही आहे. तेव्हा येथे बुरूड होते, कासार होते, धान्याचे व्यापारी होते. त्यांनी काय दिले, कोणाला दिले हे त्यांनी दगडावर लिहून ठेवले आहे आणि ते आजही वाचता येते. मुलांना दाखवावे असे याहून दुसरे काय असणार?

जुन्नर का?

जुन्नर म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक शिवनेरी, जेथे 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दुसरी लेण्याद्रीचा अष्टविनायक. दोन्ही ठिकाणी गर्दी असते. परंतु याच गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतील बहुतेक बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी दुसरीकडे क्वचितच सापडतील. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा हे त्यांचे मुख्य समूह.

एवढी लेणी येथेच का झाली, याचे उत्तर घाटाच्या वाटेत आहे. कल्याण आणि सोपारा ही जुनी बंदरे. तेथे उतरलेला माल नाणेघाटातून देशावर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. वाट होती म्हणून बाजार होता, बाजार होता म्हणून कारागीर होते. कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानातून डोंगर कोरले गेले.

जायचे कसे?

पुण्याहून जुन्नर सुमारे 95 किलोमीटर आहे. नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करीत एस.टी. जुन्नरला जाते. मुंबई, ठाणे, कल्याणच्या मंडळींना मुरबाडवरून माळशेज घाट चढून येता येते. भर पावसाळ्यात मात्र माळशेजला दरडी कोसळतात आणि लेण्यांच्या पायऱ्याही निसरड्या होतात. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

एस.टी.मध्ये ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट पडते. त्यामुळे आजी, आई, दोन मुले आणि वडील अशा घरात पूर्ण तिकीट एकट्या वडिलांचेच. आजीला वयाचा पुरावा बरोबर घ्यायला सांगा. आमच्या वस्तीतल्या चार घरांनी सहा महिने आधीपासून दरमहा थोडी थोडी भिशी काढली आणि ही सहल कोणापुढे हात न पसरता झाली. राहायला जुन्नरात साधी लॉज आहेत, लेण्याद्रीच्या पायथ्याशी भक्तनिवास आहे. सुट्टीच्या दिवसांत आधी चौकशी करून जावे.

पहिला दिवस : लेण्याद्री

सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत जुन्नर गाठावे. बरोबरची भाकरी-चटणी खाऊन लेण्याद्रीकडे निघावे. गावापासून ते साधारण पाच किलोमीटरवर आहे. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दमाने चढावे, डोलीचीही सोय असते. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने तिकीट आहे, परंतु 15 वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. वाटेत माकडे फार. खाऊची पिशवी हातात लोंबती ठेवू नये.

वर तीसेक लेणी एका रांगेत आहेत. सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर हत्ती, सिंह आणि वाघ, आणि शेवटी स्तूप. येथे मुलांना शांत बसवावे आणि मग भिंतीवरील लेख दाखवावा. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिले, असे त्या लेखात म्हटले आहे. आमच्याबरोबर कल्याणच्या एक बाई होत्या. त्यांनी दोनदा विचारले, "आपलंच कल्याण का हो?" होय, आपलेच कल्याण. जेथून सकाळी त्या गाडीत बसल्या, तेथल्याच एका माणसाने हे घडवले होते.

शेजारचे सातवे लेणे या समूहातील सर्वांत मोठा विहार. मधे एकही खांब नसलेले प्रशस्त सभागृह आणि भोवती भिक्खूंच्या 20 खोल्या. आज येथे गिरिजात्मज गणपतीची पूजा होते. येथे कोणाशी वाद घालू नये, कोणाच्या श्रद्धेला बोल लावू नये. आपण सभागृहात उभे राहावे, मुलांना एकेक खोली मोजायला सांगावी, दगडी ओटे दाखवावेत. मोजता मोजता ही जागा मुळात कशासाठी होती हे मुलांना आपोआप कळते.

दुसरा दिवस : मानमोडी आणि तुळजा

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत मानमोडीच्या डोंगराकडे जावे. गावाच्या दक्षिणेला हा डोंगर आहे. येथे लेण्याद्रीसारखी गर्दी नाही, पायऱ्याही नाहीत. वाट विचारत, एखादा स्थानिक माणूस बरोबर घेऊन जावे. येथील एका अर्धवट राहिलेल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर लेखच लेख आहेत.

हे लेख म्हणजे आमच्या मते जुन्नरचे खरे धन. त्या काळी एकेका व्यवसायाच्या लोकांची 'श्रेणी' असे, म्हणजे आजच्या भाषेत कारागिरांची संघटना. लोक श्रेणीकडे ठेव ठेवत आणि तिच्या व्याजातून संघाचा खर्च चाले. येथील एका लेखात बुरुडांच्या श्रेणीकडून दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडून दरमहा पाव, असा हिशेब दिलेला आहे. आज पतपेढीत ठेव ठेवतो तसाच हा व्यवहार. टोपल्या विणणाऱ्यांच्या संघटनेवर लोकांचा असा विश्वास होता की त्यांच्याकडे ठेवलेला पैसा बुडणार नाही. दुसऱ्या एका लेखात आदुथुम नावाच्या शक उपासकाने जमिनीचे उत्पन्न दिले आहे. 20 निवर्तनांचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि 9 निवर्तनांचे वडाची झाडे लावण्यासाठी. सावलीसाठी जमीन दान देणारा तो माणूस परदेशी वंशाचा होता. जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली आहे. पोढी म्हणजे दगडात कोरलेले टाके.

ग्रीक वंशाच्या, म्हणजे यवन दात्यांचीही नावे येथे आहेत. मानमोडीवर चंद नावाच्या यवनाने चैत्याचा दर्शनी भाग दिला, शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीवरच नहपान राजाचा अमात्य अयम याने मंडप आणि पोढी दिली. अमात्याचे दान आणि बुरुडांच्या श्रेणीचा हिशेब एकाच डोंगराच्या दगडात, एकाच लिपीत आहे. मुलांना हे आवर्जून सांगा.

तेथून तुळजा लेण्यांकडे जावे. ती गावाच्या पश्चिमेला असून जुन्नरच्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत. येथले चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती 12 अष्टकोनी खांब आणि वर घुमट. असे गोल चैत्यगृह आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

वेळ आणि पैसा असेल तर

चार घरे मिळून जीप केली तर नाणेघाटही होतो. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात टाकत, असे सांगतात. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लांबलचक लेख आहे. त्यातील अंकचिन्हे भारतातील सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. लेखात राजाने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गायींची यादी आहे. घाटमाथ्यावर राजघराण्याची हजारो गायींची दक्षिणा आणि खाली जुन्नरला कासारांचे दरमहा पाव. एकाच व्यापारी वाटेवर दोन प्रकारची दाने आहेत. त्यांतून समाजाविषयी काय कळते, यावर परतीच्या गाडीत मुलांशी बोला.

शिवनेरी चढायला दीड-दोन तास हाताशी ठेवावे. सात दरवाजे, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि शिवजन्माची वास्तू पाहावी. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत शिवनेरी आहे. गडाच्या कड्यातली लेणी अवघड जागी आहेत. लहान मुलांना तिकडे नेऊ नये.

गावातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. 1490 मध्ये निजामशाहीची सुरुवात जुन्नरातून झाली. पुढे इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर त्याच राज्याचा वजीर झाला आणि काही काळ त्याने जुन्नरातून कारभार पाहिला. येथला हातकागद, म्हणजे जुन्नरी कागद, एके काळी प्रसिद्ध होता. जेवणात मासवडी अवश्य खावी. नाव मासवडी असले तरी ती बेसनाची असते.

परतताना नारायणगाव लागते. पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) येथल्याच. दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. आता राज्य शासन तमाशातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

काही सूचना

लेण्यांजवळ आग्या मोहोळे असतात. विडी-काडी, धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी यावे आणि मुलांना उसाच्या शेताकडे एकटे सोडू नये. पाण्याच्या बाटल्या भरून न्याव्यात आणि रिकाम्या परत आणाव्यात.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र वेगळी आहे. अनेक लेण्यांत लोकांनी कोळशाने, खिळ्याने आपली नावे कोरली आहेत. दोन हजार वर्षांचे अक्षर एका खिळ्याने कायमचे जाते. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मुलांना हे समजावणे बरे की ही अक्षरे आपल्यासारख्याच कष्टकऱ्यांची आहेत. लेखांवर खडू फिरवू नये, पाणी टाकू नये, हात लावू नये. दुरून फोटो घ्यावा.

जाण्यापूर्वी आठवडाभर घरी एक खेळ करावा. लेखांची लिपी ब्राह्मी, जिला हल्ली पुष्कळजण धम्मलिपी म्हणतात. तिची दोन-चार अक्षरे मुलांना शिकवा. 'क' अगदी सोपा, बेरजेच्या चिन्हासारखा. मग 'देयधम' हा शब्द वहीत लिहून द्या. देयधम म्हणजे धम्मदान, आणि तो या लेखांत पुन्हा पुन्हा येतो. लेण्यात गेल्यावर हा शब्द प्रथम कोण शोधतो, याची मुलांत पैज लावा.

आपल्या मुलांना शाळेत राजांच्या लढाया शिकवल्या जातात, त्या शिकाव्यातच. परंतु ज्या मुलाचे वडील सफाईच्या कामावर जातात, ज्या मुलीची आई चार घरची धुणीभांडी करते, त्यांना हेही कळले पाहिजे की हाताने काम करणाऱ्यांची नावे दगडावर लिहिली गेली होती आणि त्यांचा शब्द ठेवीइतका भरवशाचा मानला जात होता. पुस्तकात हे दोन ओळींत येते. जुन्नरला ते डोळ्यांनी दिसते. येत्या हिवाळ्यात दोन दिवस काढा, शेजारच्या एका घरालाही बरोबर घ्या, आणि परत आल्यावर मुलांच्या वहीत किती 'देयधम' सापडले ते मोजा.