पुडीचा दोरा

वाण्याच्या पुडीचा पांढरा दोरा दिसला की मला अजून बाबांची बोटं आठवतात. दोरा ते कधी टाकत नसत. बोटाला गुंडाळून त्याची गुंडी करून ठेवत, आणि नवी रहस्यकथा घरात आली की तिची शेवटची आठ-दहा पानं त्या दोऱ्यानं बांधून टाकत, म्हणजे आईला नि मला चोरून शेवट वाचता येऊ नये. गाठ सुटायची ती रात्रीची जेवणं आटोपल्यावर, त्यांच्याच हातांनी, आणि सुटलेल्या दोऱ्याला धने, गूळ आणि जुना कागद यांचा मिळून एक वास यायचा. माझ्यासाठी रहस्यकथेचा वास तोच.

1993 साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' मालिका लागली, तेव्हा ब्योमकेश झालेल्या रजित कपूरच्या धोतराकडे बघत बाबा हळूच म्हणाले होते, "याला जन्माला घालणारा माणूस आपल्या पुण्यात राहायचा बरं का, बाळ." शरदिंदू बंद्योपाध्याय. 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईला आले, 1952 मध्ये पुण्यात स्थायिक झाले, आणि आपल्या मातीशी इतके जुळले, की शिवाजी महाराजांच्या काळातला सदाशिव नावाचा पोरगाही त्यांनी बंगाली मुलांना दिला. पण 1932 साली सुरू झालेला, मध्ये चित्रपटांच्या धबडग्यात कित्येक वर्षं थांबलेला ब्योमकेश पुन्हा सुरू झाला, तेव्हा पुण्यात बसलेल्या शरदिंदूंची लेखणी पुन्हा पुन्हा कलकत्त्यालाच जायची.

याचं बाबांना नवल वाटत नसे. शरदिंदूंनी डॉयल वाचला होता, ख्रिस्ती वाचली होती, हे खरंच. पण त्यांचा खरा गुरू म्हणजे शिकत असताना ते राहिले ती कलकत्त्यातल्या हॅरिसन रोडवरची मेस, असं बाबा ठामपणे सांगत. ब्योमकेशही आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो अशाच एका मेसमध्ये, दुसऱ्याच नावानं, कथा सांगणाऱ्या अजितच्या खोलीत वाटेकरी होऊन. बाबा स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर चार वर्षं राहिलेले. ओल्या पंच्यांचा कुबट वास, पहाटे कुणीतरी पंप मारून पेटवलेल्या स्टोव्हचा फरफराट, कुणाची ट्रंक कशी करकरते, मनीऑर्डर आली की कुणाचा चेहरा उजळतो आणि न आल्यावर कोण जेवायला उशिरा उतरतो, हे सगळं सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "परक्यांबरोबर एका खोलीत राहिलं की माणसाचे कान जागे होतात," ते म्हणायचे. स्वतःला डिटेक्टिव्ह न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवून घेणारा ब्योमकेश त्यांना म्हणूनच घरचा वाटायचा. खून कुणी केला यापेक्षा शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपत का नाही, हे त्याला आधी दिसतं.

निवृत्तीनंतर केवळ त्याच्यासाठी बाबा बंगाली शिकले. ब्योमकेशच्या कथांचा तो जाडजूड संग्रह आता माझ्या टेबलावर असतो. पहिल्या पानांवर प्रत्येक बंगाली अक्षराखाली पेन्सिलीनं देवनागरी अक्षर; पुढे पुढे ती अक्षरं विरळ होत जातात, मग एखाद्याच अडलेल्या शब्दाखाली, मग नाहीतच. पानांत त्यांच्या तपकिरीचा वास होता. मी सारखी उघडत राहिले म्हणून तो आता जवळजवळ उडून गेला आहे, आणि तरी उघडल्यावाचून राहवत नाही.

त्यांनी प्रत्येक कथेचा शेवट बांधला होता. घरात आता चोरून वाचणारं कुणी उरलं नव्हतं, आई तर कधीच गेली होती, तरीही बांधला होता. वाचून झालेल्या कथांचे सुटलेले दोरे पानांच्या घडीत तसेच पडलेले आहेत. शेवटच्या 'विशुपाल वध'ला मात्र दोरा नाही. 22 सप्टेंबर 1970 ला शरदिंदू गेले आणि ती कथा अर्धीच राहिली; तिला बांधण्यासारखा शेवटच नाही.