जयपूरच्या झरोक्यातून घरच्या आल्बमकडे

जयपूरला गेलेला प्रवासी हवामहल पाहिल्याशिवाय परतत नाही. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ साली उभारलेली ही पाच मजली वास्तू म्हणजे एक भलामोठा जाळीदार पडदाच! तिच्या ९५३ झरोक्यांआडून राजघराण्यातल्या स्त्रिया रस्त्यावरच्या मिरवणुका पाहत. रस्त्यावरच्या माणसाला मात्र त्या दिसत नसत.

याच घराण्यातले सवाई रामसिंह (दुसरे) १८३५ ते १८८० या काळात गादीवर होते. त्यांना छायाचित्रणाचे विलक्षण वेड. त्या वेळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे, असा खटाटोप असे. एवढे करून महाराजांनी स्वतःची, दरबारी मंडळींची आणि जनानखान्यातल्या स्त्रियांचीही छायाचित्रे काढली. परपुरुषाला ज्यांचा चेहरा दिसू नये असा दंडक, त्या स्त्रिया या चित्रांतून थेट आपल्याकडे पाहतात.

हा संग्रह आज सिटी पॅलेसमधल्या महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालयाने जपला आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो अनमोल आहे. पण त्यातल्या बहुतेक स्त्रियांची नावेदेखील आज ठाऊक नाहीत. ‘तुमचे चित्र कोणाकोणाला दाखवू?’ असे त्यांना कोणी विचारले असेल का? सांगायला आता कोणी नाही.

सिटी पॅलेसमध्ये फिरताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. चौक आणि दालने साध्या तिकिटावर पाहता येतात. सात मजली चंद्रमहालाच्या काही खास दालनांसाठी वेगळे, महागडे तिकीट लागते. आणि राजकुटुंब राहते तो भाग पाहुण्यांना बंद! वाडा एकच, पण प्रत्येक दाराचा नियम निराळा.

आपल्या घरच्या फोटोंना अशी दारे असतात का? पूर्वी आल्बम कपाटात असे आणि पाहुणे आले की आईच्या हातूनच बाहेर निघे. आता बारशाचे, लग्नाचे, सहलीचे शेकडो फोटो ‘गूगल फोटोज’सारख्या सोयीवर एकत्र ठेवले जातात. दुवा पाठवला की काम झाले! पण तो दुवा चालू असेल तर ज्याच्या हाती तो पडेल त्याला आल्बम उघडता येतो. आत्याने मैत्रिणीला पाठवला, मैत्रिणीने आणखी कोणाला, की झाले!

म्हणून आल्बमलाही तीन दारे करावीत. समारंभाचे फोटो सगळ्या नातेवाइकांसाठी. लहान मुलांचे, आजारपणातले फोटो फक्त घरच्यांसाठी, नावे निवडून. आणि काही फोटो कोणालाच नकोत. नवे फोटो घालण्याची मुभा कोणाला, हेही ठरवता येते. फोटोबरोबर ठिकाणाची माहिती जाऊ नये, अशीही सोय असते. मात्र एकदा कोणी प्रत उतरवून घेतली की नंतर दार लावून ती परत येत नाही. तेव्हा आधीच विचारलेले बरे.

विचारायचे तरी कोणाला? ज्याचा फोटो आहे त्यालाच. आजीला, नव्या सुनेला आणि कळत्या वयाच्या मुलांनाही. जनानखान्यातल्या त्या स्त्रियांना आता विचारता येणार नाही. आपली माणसे तर शेजारच्या खोलीतच आहेत.