हापसीचा दांडा

रामनवमीला पोहरादेवीत ऊन आणि माणसं दोन्ही चढत जातात. कर्नाटक, तेलंगणापासूनचे तांडे उतरतात, जगदंबेचं आणि सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात, मग पाणी शोधतात. माझ्या लहानपणी ते हापसीवर यायचे. यात्रेकरूंनी ओंजळ धरायची आणि आम्ही पोरांनी दांड्याला लोंबकळायचं, हे ठरलेलं. टोकाला धरलं की पाणी धो धो येई. जरा आत धरलं की दांडा हलायचा नाही. तरफेचं नाव पुढे शाळेत कळलं, पण तरफ मी तिथे शिकलो.

नाव कळल्यावर घरात जिकडेतिकडे तीच दिसू लागली. आजीच्या अडकित्त्यात टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, मधे सुपारी. सुपारी कडक निघाली तर आजी ती बिजागरीकडे सरकवायची. बांधातला काळा दगड हलत नसला की बापू सब्बलीखालचा टेकू त्या दगडाच्या आणखी जवळ घ्यायचे. याडीचा, म्हणजे आईचा, चिमटा मात्र उलट्या रीतीचा. त्यात हात मधे आणि निखारा टोकाला, म्हणून जोर वाढत नाही, घटतो. पण बोटं विस्तवापासून लांब राहतात. हे तिघं शाळेत गेले नव्हते. कुठे धरायचं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं.

जोर फुकट मात्र कुठेच मिळत नाही. जेवढा वाचतो तेवढं अंतर हाताला जास्त कापावं लागतं. हापसीवर हा हिशेब स्पष्ट दिसतो. दांड्याचा हाताकडचा भाग पंपाकडच्या भागाच्या आठपट लांब असतो. हात मीटरभर खाली येतो तेव्हा बोअरमधला दट्ट्या जेमतेम साडेबारा सेंटिमीटर वर चढतो. दांडा भरीव लोखंडाचा असतो तेही उगाच नाही: बोअरमधल्या सळ्यांचं वजन तो आपल्याच वजनाने बरंचसं तोलतो. शिवाय त्याच्या आतल्या टोकाला कमानीवर साखळी बसवलेली असते, म्हणून टोक गोल फिरलं तरी सळई सरळच वर ओढली जाते. ही साखळीची युक्ती मला आजही थक्क करते.

या हापसीची मुळं आपल्याच मातीत आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो. आधीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरापुरते होते. सारं गाव दिवसभर हापसू लागलं की सांधे झिजून बंद पडायचे. गावाला टिकेल असा पंप घडवण्याची खटपट जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी केली. सोलापूर पंपाच्या आधारावर 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला.

आता गावोगाव बोअरमध्ये मोटर बसली आहे, घरात नळ आले आहेत, आणि ते यायलाच हवे होते. बायकांच्या खांद्यांनी पुष्कळ पाणी उपसलं आहे. पण वीज गेली की मोटर थांबते, हापसी थांबत नाही. तुमच्या गावची हापसी बंद असेल तर ती भंगारात जाण्याआधी ग्रामपंचायतीला उघडून बघायला सांगा. पुष्कळदा बिघाड फक्त साखळीचा, बेअरिंगचा किंवा दट्ट्याच्या वायसरचा असतो.